टीव्हीतला निळा

आष्टीत माझं ब्युटी पार्लर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई रंगांबद्दल एवढं कुठल्या अधिकारानं बोलते असं पुढं कुणी विचारायला नको. दिवसभर माणसांचे चेहरे माझ्या हाताखालून जातात. गव्हाळ, सावळा, निमगोरा, उन्हात रापलेला, जागरणानं उतरलेला, सगळे रंग मला लांबून ओळखू येतात. भिंतीला पुट्टी भरावी तसा नवरीच्या तोंडावर मेकअप भरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माणूस आपल्या रंगातच चांगला दिसतो, फक्त तो रंग नीट दिसला पाहिजे, असं माझं मत आहे. हे मत तोंडावर सांगायच्या सवयीपायी माझी काही गिऱ्हाइकं समोरच्या पार्लरला गेली. जाऊ देत.

आमचं घर आष्टीच्या जरा बाहेर, रस्त्याला लागून आहे. मुलं शिकायला बाहेर असतात, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. मी, माझे मिस्टर आणि सासरे. मिस्टरांचं बाजारात खता-बियाण्याचं दुकान आहे. सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं मेंढरं गेली, शेळ्या तेवढ्या राहिल्या, आणि त्या शेळ्या म्हणजे आबांचा श्वास. सकाळी भाकरी बांधून, खांद्यावर आकडी टाकून ते निघतात ते दिवस कलल्यावर परत येतात. आकडी म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला वाकडा कोयता. बाभळीची फांदी खाली ओढायची, शेळ्यांनी पाला खायचा, आबांनी सावलीत बसून जगाला नावं ठेवायची, असा एकूण कार्यक्रम.

ह्या कार्यक्रमावर मिस्टरांचा डोळा होता. मागच्या पावसाळ्यानंतर आबा बांधावरून घसरून पडले. फार लागलं नाही, पण मिस्टर घाबरले, आणि ते घाबरले की रागावतात. "बास झालं आता आबा. शेळ्या बाजारात नेऊन सोडतो," असं त्यांनी जेवतानाच काढलं. आबांनी ताटावरून हात उचलला. म्हणाले, "ज्या दिवशी मला माजी शेळी ओळखू येणार न्हाई, त्या दिवशी तू खुशाल सोड. म्या अडवलं तर नावाचा न्हाई." मिस्टरांनी तो शब्द तिथल्या तिथं पकडला. आमच्या घरात दिलेला शब्द कुणी परत मागत नाही, ही चांगली गोष्ट आहे की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीत आमच्याकडं मोठा टीव्ही आला. मिस्टरांना क्रिकेटचं वेड, मला सिनेमाचं, म्हणून हौसेनं सोबत स्पीकरही घेतले. होम थेटर. बसवायला आलेल्या माणसानं आवाज दाखवायचा म्हणून कुठलीशी लढाई लावली, तर अंगणातल्या शेळ्या दावी तोडून रस्त्यावर. त्या गोळा करून आणल्यावर आबा दारातूनच म्हणाले, "बाई, ह्या डब्याला येसण घाल."

आवाज कमी केला. पण रंगांचं काय करायचं? तो माणूस टीव्ही ज्या रंगात लावून गेला तो दुकानातला रंग होता. दुकानात ओळीनं टीव्ही लावलेले असतात, त्यात ज्याचा रंग जास्त भडक तो आधी विकला जातो, म्हणून ते टीव्ही तसेच घरी येतात. बातम्या देणाऱ्या बाईचे गाल टोमॅटोसारखे. शेतातलं गवत असं हिरवं की आष्टी तालुक्यात कुणी जन्मात बघितलं नसेल. मिस्टर म्हणाले, "बघ, काय चित्र हाय." मी म्हणाले, "ही समोरच्या पार्लरची नवरी आहे." आणि रिमोट ताब्यात घेतला.

पार्लरला सोमवारी सुट्टी असते. त्या दिवशी मी भर दुपारी खिडकीवर आबांची काळी घोंगडी टांगली, खोलीत अंधार केला आणि कामाला लागले. फोनवर वाचून वाचून मला एवढं कळलं होतं की ब्राइटनेस म्हणजे उजेड नाही. त्यानं काळं किती काळं दिसावं ते ठरतं. कॉन्ट्रास्टनं पांढरं किती पांढरं ते ठरतं. शार्पनेस वाढवला की चित्र रेखीव होतं असं वाटतं, पण नीट बघितलं तर प्रत्येक माणसाच्या कडेनं पांढरी रेघ उमटते, भुवया जास्त कोरल्यासारखी. तो जवळजवळ बंदच करायचा. आणि पांढऱ्यात निळसर झाक ठेवायची की पिवळसर, ते वेगळं ठरवायचं. त्याच्यावर माणसांचे चेहरे अवलंबून.

हे सगळं जुळवायला इंटरनेटवर पट्ट्या मिळतात, करड्या, काळ्या, रंगीत. त्या लावून बघितल्या, पण माझा जीव भरेना. त्या पट्ट्या मी खऱ्या कधी पाहिलेल्याच नाहीत, मग त्या बरोबर दिसतात की चूक हे मी कशावरून ठरवणार? म्हणून मी खिडकीवरची घोंगडी काढली, अंगणात अंथरली आणि तिच्यावर आमची एक काळी शेळी बसवली. त्या दिवशी ती पायानं लंगडत होती म्हणून आबांनी घरीच ठेवली होती. तिचा फोनवर व्हिडिओ घेतला. मग पातेल्यातल्या दुधाचा फेस, तव्यावरची ज्वारीची भाकरी आणि शेवटी माझा स्वतःचा हात. हे माझं मोजमाप. काळ्या शेळीचा केस काळ्या घोंगडीच्या लोकरीतून वेगळा दिसला की ब्राइटनेस बरोबर. फेसातले बुडबुडे सुटे दिसले की कॉन्ट्रास्ट बरोबर. भाकरी ज्वारीची वाटली पाहिजे, मक्याची नाही, आणि हात माझा वाटला पाहिजे. चहा दोनदा गार झाला, पण चार वाजेपर्यंत टीव्हीत माझा हात आला. मी तो पडद्याजवळ धरून बघितला. इतकं समाधान मला पार्लरमध्ये वर्षातून एखाद्या वेळी मिळतं.

संध्याकाळी आबा आले, तेव्हा मी मुद्दाम शेळीचा व्हिडिओ लावून ठेवला होता. भिंतभर आपली शेळी बघून ते हरखले. काठी खाली ठेवायचंही विसरले. मग पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "शिंग कावून असं मळकं दिसायलंय?"

आता शिंगांचं सांगते. आमच्याकडच्या शेळ्या सगळ्या काळ्या, त्यामुळं चरताना मिसळल्या की वेगळ्या करायला शिंगांना रंग देतात. आणि रंग कुठला, तर दाराला लावून डब्यात उरलेला. त्यामुळं ज्या घराचं जे दार, तीच त्या घरच्या शेळ्यांची शिंगं. आमचं दार निळं, शेजारचं हिरवं. आबांना जुन्या शेळ्या चालीवरून, तोंडावरून ओळखू येतात, पण तरण्या जनावराचं शिंगच बघावं लागतं.

"निळंच आहे की आबा," मी म्हणाले.

"ह्यात निळा रंगच न्हाई. तुज्या टीव्हीत निळा घालायचा राहिलाय."

त्या दिवसापासून आमच्या दोघांत रिमोटवरून जुंपली. टीव्हीसमोर बसलं की आबा म्हणायचे, सगळं शेवाळलंय. क्रिकेट लागलं तर विचारायचे, आपले कुठले? मी म्हणायचे, निळे कपडे घातलेले. ते म्हणायचे, मग आपले आज आलेच न्हाईत. मी पाणी प्यायला उठले की आबा रिमोटची सगळी बटणं दाबून बघायचे, आणि एकदा तर टीव्ही तमीळ बोलायला लागला. मी त्यांना समजावून सांगितलं, हातवारे करून सांगितलं, शेवटी चिडून सांगितलं. त्यांचं एकच पालुपद, निळा न्हाई. ज्या रंगांत माझं आयुष्य गेलं त्यांची अक्कल मला हा माणूस शिकवतो, ह्याचा मला इतका संताप यायचा की मी रिमोट ब्लाउजमध्ये खोचून स्वयंपाक करायचे.

मग एका संध्याकाळी मी पार्लर बंद करून घरी आले. मिस्टर अजून दुकानातच होते. आबा शेळ्या बांधून ओट्यावर तंबाखू मळत होते. मी चप्पल काढता काढता सहज दावणीकडं पाहिलं, तर एका तरण्या शेळीची शिंगं हिरवी.

"आबा, ही कुणाची?"

"कुणाची म्हंजी? आपलीच."

"शिंग बघा."

"बघितलं की. निळं हाय."

मी शेळी सोडून त्यांच्यापुढं आणली. उजेड चांगला होता अजून. आबांनी शिंग हातात धरलं, डोळ्याजवळ नेलं, अंगठ्यानं घासलं. मग मान वळवून आमच्या दाराकडं पाहिलं. परत शिंगाकडं पाहिलं.

"दोनी सारकेच हायत," ते म्हणाले. पण आवाज पडलेला होता.

मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या दुधाळ झालेल्या होत्या. मोतीबिंदू. म्हणजे टीव्हीत निळा होता, दारावर निळा होता, शिंगावर निळा होता, फक्त तो आबांपर्यंत पोचत नव्हता. आणि हे त्यांना टीव्ही येण्याच्या आधीपासून माहीत होतं. टीव्हीचं निमित्त त्यांना बरं सापडलं होतं. रंग दिसत नाही हे कबूल करण्यापेक्षा रंग घातलाच नाही म्हणणं सोपं. मला एकदम फार वाईट वाटलं. इतके दिवस ज्या म्हाताऱ्याशी मी हिरिरीनं भांडत होते, तो घाबरलेला होता.

"त्याला सांगणार हायस?" आबांनी विचारलं. त्याला म्हणजे माझ्या मिस्टरांना.

"आपण डोळे दाखवू. ऑपरेशन करू."

"आजून पिकला न्हाई त्यो. पिकल्याबिगर काडत न्हाईत."

"तो काय आंबा आहे? आता पिकायची वाट बघत नाहीत, आबा."

त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "शेळ्या गाभण हायत. तेवड्या विऊ दे. मंग तू म्हणशील तवा, म्हणशील तितं येतो. पर त्याला आजची गोष्ट कळली तर शेळ्या जातील. शब्द दिलाय म्या."

मी शेळी शेजारी नेऊन बांधली. शेजारीण म्हणाली, "कवाची शोधायलोत आमी. कुटं गेलती?" मी म्हणाले, "आमच्या दावणीला आलती आपल्या पायानं." खोटं बोलायला मला जड जात नाही. पार्लर चालवणाऱ्या बाईला ते जड जाऊन चालतही नाही.

खरी अडचण टीव्हीची होती. आबा रोज मिस्टरांसमोर निळा नाही म्हणून ओरडत राहिले असते, तर आज ना उद्या मिस्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला असता. आणि ओरडू नका म्हणावं, तर टीव्ही हा त्यांचा एकुलता एक विरंगुळा. तेव्हा मी काय केलं, टीव्हीत चित्राच्या सेटिंगचे वेगवेगळे खाने असतात, त्यातल्या एकात माझी सेटिंग तशीच राहू दिली आणि दुसऱ्यात आबांसाठी नवी केली. आबांना शेजारी बसवलं आणि एकेक रंग वर नेत गेले. लाल कमी, निळा जास्त, अजून जास्त, अजून. मला ते चित्र बघवेना. शेवटी आबा म्हणाले, "हां. आता आला." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी रिमोट खाली ठेवला.

तिथून पुढं आमच्या घरात रोज तेच चित्र. बातम्या देणारी बाई विहिरीतून काढल्यासारखी निळी. हळदीच्या प्रसंगातली हळद हिरवट. पुढाऱ्यांचे पांढरे कपडे निळीत चार वेळा बुडवल्यासारखे. मिस्टर पहिल्या संध्याकाळी आले, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाले, "ह्या लोकांना काय झालंय? टीव्ही बिघडला का? त्या माणसाला बोलावू का?"

"नको," मी म्हणाले. "मीच लावलंय. मला असंच आवडतं. थंड वाटतं डोळ्याला."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला माझीच कीव आली. मिस्टरांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. बाईमाणसाच्या आवडीनिवडीत पडायचं नाही हे ते लग्नानंतर लवकर शिकले होते, त्यामुळं ते हातपाय धुवायला गेले.

मिस्टरांचं ठीक होतं. पण एके दिवशी कडा गावाहून एक बाई मुलीच्या लग्नाचा मेकअप ठरवायला थेट घरीच आल्या. मी चहा टाकला. त्या टीव्हीसमोर बसल्या. चहा घेऊन बाहेर आले तर त्या पडद्याकडं बघत होत्या आणि आबा मजेत त्यांना मालिकेची गोष्ट सांगत होते. "रंग असाच असतो का तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "हो, मला असाच लागतो." त्या चहा पिऊन गेल्या आणि त्यांची मुलगी समोरच्या पार्लरमधून नटून बोहल्यावर चढली. फोटो मला कुणीतरी आवर्जून दाखवले. पुट्टीच. त्या दिवशी मी चिडून जेवले नाही, आणि का जेवत नाही ते कुणाला सांगताही येईना.

शेळ्यांचाही बंदोबस्त केला. बाजारातून घुंगरं आणली आणि आमच्या प्रत्येक शेळीच्या गळ्यात बांधली, म्हणजे आबांना शिंग बघायलाच नको, कानानं कळेल. मिस्टरांनी विचारलं, "हे कावून?" मी म्हणाले, "बरं दिसतं." तेव्हापासून मिस्टर दुकानात येणाऱ्या लोकांना सांगायला लागले की आमच्या घरी शेळ्यांचंही पार्लर निघालंय.

संक्रांत झाली, शेळ्या व्याल्या, अंगणभर करडं उड्या मारायला लागली. आबा टाळाटाळ करतील असं वाटलं होतं, पण एका सकाळी स्वतःच धोतर नेसून ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "चल." मी मिस्टरांना सांगितलं, आबांना मोतीबिंदू आहे, अंबाजोगाईला दाखवते. आबांची बहीण तिथं राहते, तिचं ऑपरेशन तिथल्याच सरकारी दवाखान्यात चांगलं झालं होतं. मिस्टरांनी चेहरा बारीक केला. "आधी का न्हाई सांगितलं?" मग म्हणाले, "इतकं दिसत नव्हतं तर शेळ्या कशा ओळखत व्हते?"

"ओळखत होते," मी म्हणाले.

"आन आता ते तिकडं राहिले तर शेळ्या कोण बघणार? त्यापेक्षा..."

"मी बघणार," मी म्हणाले, आणि त्यांचं 'त्यापेक्षा' तिथंच राहिलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. धुरळ्यात जायचं नाही म्हणून आबांना बहिणीकडंच ठेवलं. जाऊन येईपर्यंत शेजारणीनं शेळ्या सांभाळल्या, आणि मी परत आल्यावर आकडी माझ्या खांद्यावर आली. सकाळी शेळ्या, दुपारनंतर पार्लर. शेळ्या मला जुमानत नसत. मी बाभळीची फांदी ओढली की ती माझ्याच डोक्यावर यायची. पार्लरमध्ये एका बाईनं माझ्या केसातून बाभळीचा काटा काढला, तेव्हा मी तिला सांगितलं की ही नवीन ट्रीटमेंट आहे. संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे, तेव्हा माझी सेटिंग लावणं एका बटणाचं काम होतं. पण आबा परत येईपर्यंत त्यांचा खाना बदलायचा नाही असं मनानं घेतलं होतं. काहीतरी वाईट होईल अशी भीती वाटायची. मी निळ्या माणसांकडं बघत बसायचे आणि मला आबांची आठवण यायची.

तपासणी झाल्यावर त्यांना आणायला गेले. परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला चहाला थांबलो. आबांना काळा चष्मा दिलेला, पण ते तो कपाळावर सरकवून, एक डोळा झाकून बघायचे, मग दुसरा झाकून बघायचे. हॉटेलवाल्याला वाटलं म्हातारा त्याला डोळे मारतोय. ऊसतोडीवरून परतणाऱ्यांचा एक ट्रॅक्टर रस्त्याला उभा होता, सामानावर ताडपत्री बांधलेली.

"ताडपत्री निळी हाय," आबा म्हणाले. मग हात बदलला. "आन ह्या डोळ्यानं शेवाळी." परत हात बदलला. "निळी." चहा गार झाला तरी त्यांचं चालूच होतं. मध्येच म्हणाले, "बाई, तुज्या टीव्हीत निळा व्हता तर."

"होता," मी म्हणाले.

घरी पोचलो तर मिस्टर दुकान लवकर बंद करून आले होते. आबांनी आधी दाराला हात लावून बघितलं, मग आत येऊन आपल्या जागेवर बसले. मिस्टरांनी त्यांच्यासाठी म्हणून टीव्ही लावला. बातम्या लागल्या. आबांनी चष्मा काढला आणि दचकले.

"ह्या बाईला काय झालंय? मेल्यावानी तोंड दिसायलंय तिचं."

"काही नाही झालं. तुमचीच सेटिंग आहे," मी म्हणाले.

त्यांनी नवा डोळा झाकला आणि जुन्यानं बघितलं. मान हलवली. मग जुना झाकून नव्यानं बघितलं.

"हे असं तू बघत व्हतीस? रोज माज्याजवळ बसून?"

मी त्यांचा चष्मा उचलून बाजूला ठेवला.

"तिला असंच आवडतं, आबा," मिस्टर हसत म्हणाले. "थंड वाटतं म्हणे डोळ्याला."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. ह्या वेळी कुठलाही डोळा झाकला नव्हता. मी आत जायला उठले.

"हिला असलं आवडत न्हाई," आबा मिस्टरांना म्हणाले. "हिला रंग कळतो. ही माज्यासाठी खोटं बोलली. तवा हिरव्या शिंगाची शेळी म्या घरी आणलती, आपली म्हणून. हिनं ती गपचिप नेऊन बांधली. मला शेळी ओळखू आली न्हाई. शब्द दिलता म्या तुला. आता काय करायचं ते तू कर."

मला आबांचा असा राग आला की विचारू नका. इतके दिवस मी निळं जग बघितलं, गिऱ्हाईक घालवलं, डोक्यात काटे भरून घेतले, ते सगळं ह्या माणसानं एका दमात मोकळं केलं. बाहेर अंगणात घुंगरं वाजत होती. मिस्टर ती ऐकत उभे होते. मग त्यांनी स्टुलावरचा रिमोट उचलला आणि माझ्या हातात दिला.

"कुठली शेळी?" ते आबांना म्हणाले. "मला कुणी काही सांगितल्याचं आठवत न्हाई. त्या टायमाला आमचा टीव्ही बिघडला व्हता, एवढं माहीत हाय मला." आणि मग माझ्याकडं वळून, "आता तरी नीट कर की गं."

मी माझी सेटिंग लावली. बातम्यांवाली बाई माणसात आली. मग मी शेळीचा तो जुना व्हिडिओ लावला. काळ्या घोंगडीवर काळी शेळी, केस न् केस सुटा, आणि डोक्यावर आमच्या दाराचा निळा. आबांनी तो नव्या डोळ्यानं बघितला. मग जुन्यानं बघितला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले,

"बाई, माजी आकडी कुटं ठेवलीस?"